मध्यंतरातली चादर

मी ऑर्केस्ट्राची निवेदिका. एक गाणं संपून दुसरं सुरू होईपर्यंत लोकांना खुर्चीत बसवून ठेवायचं, हे माझं काम. गणपतीत, नवरात्रात ठाण्याला टेंभी नाक्याच्या बाजूला, डोंबिवलीकडच्या गावांतल्या हळदींना, कुठे कुठे उभी राहिलेय मी माईक घेऊन. आणि मदतीचे कार्यक्रम असतात ते वेगळेच. कोकणात पूर आला, आंबिवलीत कुणाचं घर जळलं, कुणाच्या मुलीचं ऑपरेशन निघालं, की आम्ही फुकट वाजवतो. त्याला आमच्यातल्या कुणी कधी नाही म्हटलेलं नाही.

त्याची रीत ठरलेली आहे. मध्यंतराच्या जरा आधी, ज्याला मदत करायची त्याला स्टेजवर आणायचं. कीबोर्डवाला हळू सूर धरतो, मी त्या माणसाची हकीकत सांगते, आणि मंडळाची पोरं चार कोपरे धरून चादर खुर्च्यांमधून फिरवतात. हकीकत सांगणं मला चांगलं जमतं. आवाज कुठे खाली आणायचा, कुठे थांबायचं, सगळं पाठ आहे. लोकांचे डोळे भरतात आणि हात खिशात जातात. एक गोष्ट मात्र मला कायम खुपायची. ज्याचं दुःख तोंडावर दिसतं त्याच्याच चादरीत पडतं. जो ताठ उभा राहतो त्याच्याकडे लोक संशयाने बघतात. आधी माणूस वाकलेला हवा, मग आपल्याला माणुसकी सुचते. हे बरोबर नाही हे मला कळत होतं, पण चादर भरत होती म्हणून मीही गप्प होते.

गेल्या महिन्यात कल्याणच्या हॉलमधला कार्यक्रम माझ्या नवऱ्यासाठी होता.

नवरा आमच्याच ऑर्केस्ट्रात ढोलकी वाजवतो. तो खाडीकाठचा कोळी, मी ठाण्याच्या कोपरीत वाढलेली, मूळची कोकणातली. ढोलकी ऐकूनच प्रेमात पडलेय, खोटं कशाला बोलू. त्याच्या हृदयाची एक झडप खराब झालीय. डॉक्टरांनी सांगितलं, लवकरात लवकर बदलावी लागेल. तोवर जिने नकोत, दगदग नको, आणि ढोलकीला तर हातच लावायचा नाही. लोकांची लग्नं, जयंत्या, मिरवणुका याने वाजवल्या, पण आमच्या धंद्यात रजा नाही की फंड नाही. कारखान्यात कुणाचा हात गेला तर निदान कुणाला तरी जाब विचारता येतो. आम्ही कुणाला विचारायचा? हळदीत नाचून गेलेल्या पाहुण्यांना? हे बोलले की तो हसायचा आणि मला अजून चीड यायची.

त्यात माझी खरी धास्ती वेगळीच होती. हा आजारी दिसतच नाही. अंगाने भरलेला, सदा हसरा, छाती पुढे काढून चालणारा. लोक म्हणणार, हा कसला पेशंट? आणि चादर रिकामी आली तर पुढे काय? मी त्याला समजावलं, आठवडाभर दाढी करू नकोस, साधा शर्ट घाल, जास्त हसू नकोस. कार्यक्रमाच्या सकाळी बघते तर स्वारी आरशासमोर बसून केस काळे करतेय. बाजूला स्टेजवरचं चमकीचं जॅकेट इस्त्री करून टांगलेलं. माझं डोकंच फिरलं. अरे, जिवावर बेतलंय आणि तुला नटायचं सुचतंय? त्याने ब्रश काही थांबवला नाही.

"मेलो तरी चालंल गो," तो म्हणाला, "पन पांढऱ्या केसांनी स्टेजवर नाय चढनार."

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि मग डबा भरायला घेतला.

हॉल भरलेला होता. त्याच्या जागी दुसरा ढोलकीवाला बोलावला होता. नवरा पडद्याआड खुर्चीवर बसलेला. मी गाण्यांची ओळख करून देत होते, पण लक्ष सगळं त्याच्याकडे. त्याची बोटं गुडघ्यावर चाललेली. कपाळावर घाम आहे की दिव्याचा उजेड, ते इथून कळेना. एका गाण्याच्या जागी मी दुसऱ्याच गाण्याचं नाव सांगितलं आणि लोक हसले.

मग तो स्टेजवर आला. जॅकेट झगझगतंय, केस काळेभोर. पहिल्या रांगेतल्या बाई शेजारणीला म्हणाल्या ते मला स्वच्छ ऐकू आलं, हा तर चांगला धडधाकट दिसतोय. कीबोर्डवाल्याने सूर धरला. मी "मायबाप रसिकहो" म्हटलं आणि पुढे काही येईना. इतक्या लोकांसाठी बोललेली वाक्यं तोंडाशी होती, पण त्यातलं एकही याच्या अंगाला बसत नव्हतं. 'बिचारा' म्हणायला तोंड उघडलं, आणि हा बाजूला उभा राहून लोकांकडे बघून हसतोय. बिचारा कसला डोंबलाचा! मागची एक रांग उठली. बाहेरून वड्यांचा वास येत होता, मध्यंतर झालंच आहे असं लोकांना वाटलं असणार. चार माणसं उठली की सगळा हॉल उठतो. चादर धरलेली पोरं दारापाशी खोळंबली. ही माणसं चालली आणि यांच्यासोबत माझा माणूसही चालला, एवढंच माझ्या डोक्यात येत होतं.

तेवढ्यात ढोलकी वाजली. मध्यंतर संपलं की लोकांना आत बोलवायला हा नेहमी कोळीगीताचा एक ठेका वाजवतो. आमचा कार्यक्रम बघणाऱ्यांना तो पक्का माहीत आहे. याने बदली माणसाच्या मांडीवरून ढोलकी ओढून घेतली होती आणि फतकल मारून वाजवत होता. दारापाशी गेलेली माणसं वळली. कुणी हात वर करून नाचतच परत आलं. मी लोकांकडे बघत नव्हते. त्याच्या मानेवरची शीर उडत होती आणि ओठांचा रंग उतरला होता. प्रत्येक थाप माझ्याच छातीत पडत होती. त्याला थांबवावं तर लोक जाणार, वाजवू द्यावं तर हा जाणार. मग मी गेले आणि ढोलकीवर पंजा ठेवला.

कीबोर्डवाला पुन्हा हळू सूर धरायला गेला, त्याला मी हातानेच थांबवलं. माईक तोंडाशी घेतला. आवाज खाली आणला नाही, कुठे थांबले नाही.

"हा माझा नवरा. डॉक्टरांनी याला वाजवायला बंदी केलीय, तरी याने तुमच्यासाठी वाजवलं. तुमच्याच लग्नांत वाजवत आलाय. आम्ही भीक मागत नाही. हा हात परत ऐकायचा असेल तर बसा."

लोक बसले. टाळी कुणी वाजवली नाही. चादर निघाली. किती जमलं ते सांगत नाही, ऑपरेशन ठरलं एवढं पुरे. पुढच्या आठवड्यात आहे. स्टेजवरच्या त्या पराक्रमाबद्दल डॉक्टरांनी दोघांनाही झाप झाप झापलं.

आता ढोलकी कपाटावर आहे. दुपारी तो खाटेवर पडतो आणि खाटेच्या लोखंडी पट्टीवर बोटांनी वाजवत राहतो. मी स्वयंपाकघरात असते, कान तिकडे. आवाज येतोय तोवर माझे हात चालतात.

काल तो थांबला. मी पिठाच्या हातांनी धावत गेले. तो डोळे मिटून पडलेला, हात छातीवर. हाक मारायचाही मला धीर होईना. त्याने एक डोळा उघडला.

"काय गो? गानं संपलं म्हनून थांबलो."

"मग दुसरं धर," मी म्हटलं, आणि तो धरेपर्यंत दारातून हलले नाही.