हिरवी सॉरी

आमच्या कॉम्प्युटरचं बटण दाबायचं आणि मांदेली साफ करायला बसायचं, असा घरचा रिवाज झालाय. मांदेली संपतात, हात धुऊन होतात, डोकी परसातल्या मांजरीला घालून होतात, तरी पडद्यावरचं वाळूचं घड्याळ उलटंसुलटं होतच असतं. मी कचेरीत टायपिस्ट होते तेव्हा घेतलेला हा डबा. मी निवृत्त झाले, तो काही होत नाही. मीच त्याला होऊ देत नाही, असं ह्यांचं म्हणणं. ह्यांचं म्हणजे आमच्या यजमानांचं.

नागावात घर, समुद्र हाकेवर, म्हणून पाहुणे म्हणतात, काय नशीबवान हो तुम्ही! त्यांना कुणीतरी सांगा, की या खाऱ्या वाऱ्यात गेटच्या कड्या गळतात, फ्रिजचे पाय गळतात आणि नवीन कुलूप दुसऱ्या पावसाळ्याला उघडत नाही. कॉम्प्युटरला मी जुन्या लुगड्याचं झाकण शिवलं. वादळात पत्रे उडाले तेव्हा आधी त्याला ताडपत्रीत गुंडाळून पलंगाखाली सारलं, मग घराचे कागद शोधले. तरी शेवटी खारं आत शिरलंच.

एवढा जीव कशासाठी, तर आयसाठी. माझी आय धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून मांडवापर्यंत प्रत्येक विधीला धवले, म्हणजे त्या त्या विधीची गाणी, म्हणायला जी बाई लागते, ती धवलारीण. आयला लिहिता-वाचता येत नाही, सगळं तोंडपाठ. आता लग्नात डीजे असतो, आयला बोलावतात ते साडी नेसवून फोटो काढायला. आणि गेल्या पावसाळ्यापासून तिचं विसरणं सुरू झालंय. हळदीच्या धवल्यात मांडवाचं कडवं घुसतं. तिच्याकडे जे आहे ते दुसऱ्या कुणाकडेच नाही, म्हणून ती म्हणते आणि मी टाइप करते. फोनवर रेकॉर्ड कर, असं सगळे शहाणे सांगतात. केलंय. पण तिचे दात गेलेत, आवाज बसलाय, परक्याला त्यातलं निम्मं कळत नाही. मला कळतंय तोवर लिहून काढायला हवं, आणि तिच्या तोंडून येईल तसं. साडीला ती सारी म्हणते, घोड्याला घोरा, मासळीला मासली. तसंच हवं मला. सुधारायला ती काही कुणाची परीक्षा देत नाहीये.

धवल्याचं एक असतं, तो मधूनच उचलता येत नाही. आय एक ओळ म्हणते, मी टाइप करते, ती पुढची म्हणते. मध्येच कॉम्प्युटर अडकला आणि आय थांबली, की पुढचं कडवं तिच्या हाती लागत नाही. आणि आमचा कॉम्प्युटर धवला चांगला रंगात आल्याशिवाय अडकत नाही.

"बंद परला?" आय विचारते.

"परला."

"मंग पयल्यापासून?"

"पयल्यापासून, आय."

ती घोटभर पाणी पिते आणि परत सुरू करते. पण आता तिला दम पुरत नाही. शेवटच्या कडव्यांपर्यंत आम्ही पोचतच नाही. असा संताप येतो ना, वाटतं हा डबा उचलावा आणि खाडीत नेऊन बुडवावा.

अलिबागचा दुरुस्तीवाला घरी आला. त्याने झाकण उघडलं, बोर्डावर चढलेला हिरवा थर बघितला आणि कुणी गेल्यासारखा चेहरा केला.

"रॅम वाढवून बघू या?" मी म्हटलं.

"ह्याची रॅम आता मिळत नाही, ताई. मिळाली तरी चालेलच असं नाही. बोर्डच खाल्लाय खाऱ्याने."

"मग बोर्ड बदला."

"बदलतो की. पण मग तुमची चावी बसायची नाही."

चावी म्हणजे कॉम्प्युटरच्या मागे खोचायचा एक ठोकळा. तो असल्याशिवाय माझं मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर उघडत नाही, आणि तो ज्या खाचेत बसतो ती खाच आता नव्या बोर्डाला देत नाहीत. म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. नवा बोर्ड घेतला तर टायपिंग जाणार, जुना ठेवला तर आयचा दम जाणार.

त्यात आमचे यजमान. दिवसभर फोनवर तेच व्हिडिओ, जुना सुधारावा की नवा घ्यावा. सकाळच्या चहाला हे सुधारण्याच्या बाजूचे असत, जेवायला बसेपर्यंत नव्याच्या. मी 'बरं, नवा घ्या' म्हटलं की लगेच, "अगं पण जुन्यात अजून जान आहे." मी 'मग राहू दे जुना' म्हटलं की, "तुला ना, काही टाकवत नाही." माणसाने करायचं तरी काय? आयने एकदा ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जावयांना इचारू नको, ते हाव बोलतात नि न्हाय पन बोलतात."

शेवटी एकदा मी पेणला भाचीच्या बारशाला गेले आणि परत आले, तर टेबलावर नवा कॉम्प्युटर. काळाकुळकुळीत, सडपातळ. जुना पलंगाखाली, लुगड्यासकट. तेव्हा मी ह्यांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नवा बटण दाबताच सुरू झाला. मांदेली तशीच राहिली, हे खरं. पण माझ्या बोटांना ज्या जागा ठाऊक होत्या त्यातल्या निम्म्या अक्षरांनी घरं बदललेली, आणि आयचा शब्द लिहिला की खाली लाल नागमोडी रेघ. सारीखाली रेघ, घोराखाली रेघ, हायखाली रेघ. साऱ्या जन्मात कुणी आयच्या बोलण्याखाली रेघ मारली नव्हती.

"अगं, बोटं मोडतेस कशाला?" हे म्हणाले. "आता बोललेलं आपोआप टाइप होतं. आईंना नुसतं म्हणू दे." ह्यांनी माइक लावला, आयला खुर्चीत बसवलं. आयने पदर सारखा केला आणि धवला सांगायला लागली. अक्षरं भराभर उमटत गेली, कुठे अडकणं नाही की काही नाही. धवला पहिल्यांदाच शेवटपर्यंत गेला. हे माझ्याकडे असं बघत होते, जणू ह्यांनीच तो रचलाय.

आयने विचारलं, "वाच बगू गो, काय लिवलं."

मी वाचायला लागले. 'पानी'चं 'पाणी' झालेलं, 'हाय'चं 'आहे' झालेलं. नवरदेव घोऱ्यावर न बसता गोऱ्यावर बसलेला. आणि नवरीला, मी डोळे चोळून पाहिलं, नवरीला नेसवली होती हिरवी सॉरी.

आय ऐकत होती. मग तिने विचारलं, "ही कोन मास्तरीन बोलते गो? नि सॉरी कनाला बोलते?"

ह्यांना हसू आवरेना. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू. हसलो ते चुकलंच. कारण दुसऱ्या दिवशी आय माइकसमोर बसली ती ताठ, ओठ आवळून, आणि एकेक शब्द तोडून म्हणायला लागली. सा-डी. घो-डा. पा-णी. बिनदाताच्या तोंडाने 'ड' काढताना तिची मान हलत होती. पडद्यावर सगळं बिनचूक उमटत होतं.

"आता बराबर येतंय ना?" तिने ह्यांना विचारलं.

"एकदम बरोबर, आई!"

माझं डोकं असं फिरलं की मी माइकची वायर उपटली. साठ वर्षं जी बाई मांडवात बसून साऱ्या गावाला म्हणायला लावायची, तिने ह्या डब्याची शिकवणी लावायची? हे काही बोलायला गेले, पण माझं तोंड बघून वाडीत नारळ मोजायला निघून गेले. मी पलंगाखालून जुना ओढला, लुगडं काढलं, मागे चावी खोचली, बटण दाबलं. आणि मांदेली नव्हती म्हणून नुसतीच चरफडत बसले.

आय समोर बसली. पहिली कडवी नीट गेली. मग नवरीला नेसवायची ओळ आली आणि आय म्हणाली, "साडी."

इथे माइक नव्हता, लाल रेघ नव्हती, तरी साडी. माझी बोटं आपोआप 'सारी' टाइप करायला निघाली आणि अर्ध्यावर थांबली. ती म्हणेल तसंच लिहायचं, ही माझीच अट. मग मी 'सारी' लिहिलं तर माझ्यात आणि त्या नव्या डब्यात फरक तो काय?

"आय, सारी बोलायचीस ना तू?"

"मशीनला समजाया नको?"

मला रडूच आलं. "ह्याला समजतं, आय. हा जुना हाय. आपला हाय."

तिने कॉम्प्युटरकडे बघितलं. तेवढ्यात तो अडकला. वाळूचं घड्याळ आलं, अर्धवट 'सा' तसाच पडद्यावर.

"बंद परला?"

"परला."

आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचा राग आला नाही. आयने घोटभर पाणी पिऊन पहिल्यापासून सुरुवात केली. ती ओळ आली तशी ती जरा थांबली, आधी माझ्याकडे बघितलं, मग त्या डब्याकडे, आणि म्हणाली, "सारी."

मी टाइप केलं आणि पुढच्या ओळीची वाट न बघता आधी सेव्ह केलं.