काकडीला फडकं नव्हतं

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दूध घालणारी दारात आली की मी तिच्या चरवीकडे नंतर बघते, आधी तिच्या तोंडाकडे. माहेर जतकडचं. जिथं पाणी कोसावरून आणायचं, तिथं कुणी फुकट घोटभर पाणी दिलं तरी माणूस विचार करतं, ह्याचं माझ्याकडं काय काम असेल? हा स्वभाव पदरात बांधूनच मी कुंडलला उसाच्या घरात नांदायला आले.

लढाई संपून वर्ष होत आलं तेव्हा धाकटे दीर ब्रह्मदेशातून घरी आले. त्यांच्या ट्रंकेत एक पत्र्याचा डबा निघाला. वर इंग्रजी अक्षरं, आत पांढरी पूड, तांदळाच्या पिठीसारखी. ही उवांना चालते, डासांना चालते, पिकावरच्या किडीलाही चालते, असं ते म्हणाले. मला तेव्हाच शंका आली. जी पूड एवढ्या सगळ्यांना मारते, ती माणसालाच कशी ओळखून सोडून देते?

शंका मला डब्याची होती तशी दिरांचीही होती. आल्यापासून ते सगळं मोजायचे. भाकरीची चवड मोजायचे, दाराची कडी तीनदा बघायचे. एकदा बैलांना पाणी दाखवून आले आणि घटकाभरानं पुन्हा दाखवायला निघाले. गल्लीत कुजबुज सुरू झाली, 'पोरगं आलंय खरं, पर डोकं तिकडंच ऱ्हायलंय.' ते त्यांच्या कानावर गेलं होतं. एक दिवस चुलीपाशी येऊन मलाच विचारलं, "वयनी, मी लय इसरतोय का ओ?"

"न्हाई ओ भावजी," मी म्हटलं. मनात म्हटलं, व्हय.

त्या पावसाळ्यात नणंद पहिल्या बाळंतपणाला आली होती. सातवा सरलेला. तिला कच्चं खायचे डोहाळे. परड्यात न्हाणीच्या पाण्यावर आम्ही वांगी, घेवडा, भेंडी, काकडी लावली होती, आणि नेमका सगळ्यावर मावा पडला. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू. त्या दवात राख उडवायच्या, पण पावसानं ती टिकेना. मग दिरांनी डबा काढला.

त्यांची तऱ्हा बघण्यासारखी होती. तोंडाला पंचा बांधायचा, वारं पडलेलं बघायचं, पूड जुन्या धोतराच्या पुरचुंडीत घालून झाडावर हलकेच झटकायची. मग हात कोपरापर्यंत धुवायचे, कपडे वेगळे भिजवायचे, डबा आढ्याला टांगायचा. आणि पूड मारलेल्या प्रत्येक झाडाला जुन्या खाकी सदऱ्याची चिंधी बांधायची.

"खाकी फडकं हाय तवर त्या झाडाला कुनी हात लावायचा न्हाई," त्यांनी सगळ्यांना बजावलं. "पंदरा दिस. फडकं मीच सोडनार. त्येच्यानंतर बी धुतल्याबिगर खायचं न्हाई."

"लढाईत मानसं मारून झाली, आता वांगी मारतोय," दारातून आत्याबाई म्हणाल्या.

काकडीच्या एका पानावर त्यांनी पूड लावून बघितली. दोन दिवसांनी पान करपलं. "हिला न्हाई सोसत," म्हणून वेल सोडून दिली. तिला फडकं नव्हतं.

मी मात्र टपूनच होते. वाऱ्यानं पूड उडाली तर? घेवड्यावरून पावसानं धुऊन खाली काकडीवर पडली तर? मला त्या डब्याचा भरवसा नव्हता आणि डबेवाल्याचाही. काकडीची पानं माव्यानं आखडायला लागली तेव्हा मी ठरवलं, हे आपलं आपण करायचं. आमच्या माहेरच्या रानात मेंढरं बसवायला मेंढके येत. गोचीड झालं की ते तंबाखू उकळून ते पाणी मेंढरांना चोळत. तंबाखू म्हणजे घरची वस्तू, सासऱ्यांच्या चंचीत चोवीस तास असलेली. फुटक्या मडक्यात मी तंबाखूचे देठ आणि चुरा काळं होईस्तोवर उकळला, आणि सकाळी सगळे रानात गेल्यावर केरसुणीनं वेलीवर शिंपडला. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! फडकं बांधायचं माझ्या मनातही आलं नाही.

दुपारी नणंदेनं काकडी तोडली, पदराला पुसली आणि उभ्या उभ्या खाल्ली.

थोड्याच वेळात तिच्या तोंडाला लाळ सुटली. अंग गार, कपाळावर घाम, हात थरथरायला लागले, मग ओकाऱ्या. आत्याबाईंनी कपाळ बडवून घेतलं, "त्या पांढऱ्या इखानं घात केला गं!"

दीर रानातून धावत आले. "काकडीला मी पूड मारल्याली न्हाई, आई."

"फडकं न्हवतं दादा," नणंद ओकाऱ्यांमधून म्हणाली. "मी बघूनच तोडली."

सगळे दिरांकडे बघायला लागले. माझे मालक त्यांच्या खांद्यावर हात ठेवून अगदी मऊपणानं म्हणाले, "इसरला असशील, गड्या. हुतं आसं." त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मला मात्र ती लाळ बघूनच कळलं होतं. मेंढके तंबाखू चोळल्यावर कोकरं दिवसभर वेगळी बांधून ठेवत, आईची लोकर वाळेपर्यंत सोडत नसत. एक कोकरू सुटून आईला चाटलं होतं, त्याला अशीच लाळ सुटली होती. मी डोळ्यांनी पाहिलं होतं ते. त्या घरात कुणी विसरलं असेल तर ती मीच.

तरी मी बोलले नाही. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि माझी कूस उजवली नव्हती. 'नणंदेच्या पोटावर डोळा ठेवून केलं,' असं कुणीतरी म्हटलंच असतं. त्यांच्या जागी मी असते तर मीच म्हटलं असतं.

वैद्यानं औषध दिलं. दिवस कलता कलता नणंदेच्या अंगात ऊब आली. सुईणीनं पोटावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि म्हणाली, "हालतंय." मी मोरीत जाऊन रडले.

सकाळी भांडी घेऊन परड्यात गेले तर दीर तिथं उभे. आत्याबाईंनी डबा पुरून टाकायला सांगितला होता, विहिरीपासून लांब खड्डा तयार होता, आणि ते बोटानं फडकी मोजत होते. नऊ झाली. पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले. मग काकडीच्या वेलीपाशी बसले आणि एकेक पान उलटून पांढरं काही दिसतं का ते बघायला लागले. स्वतःशीच पुटपुटत होते, "मारली असंल. मीच मारली असंल."

चांगल्या माणसाला मी वेडा करत होते.

"भावजी," मी म्हटलं, "पूड न्हाई. तंबाखूचं पानी हुतं. मी शिंपडलं, काल सकाळी." आवाज मुद्दाम मोठा काढला, कारण आत्याबाई दारात होत्या आणि पुन्हा बोलायचं धाडस मला झालं नसतं.

आत्याबाई मला काय काय बोलल्या ते मला अजून पाठ आहे, आणि त्यातलं काही खोटं नव्हतं. दिरांनी मात्र हातातलं पान सोडलं. तिथंच ओल्या मातीत मांडी घातली. माझ्यावर रागावतील म्हणून मी वाट बघत उभी होते.

मग त्यांनी मान वर केली. डोळे भरले होते, आणि ब्रह्मदेशातून आल्यापासून त्यांच्या तोंडावर हसू मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"म्हंजी, मी इसरलो न्हवतो," ते म्हणाले.