टाकीमागे राहण्यासारखं नाही

माझ्या मावशीचे यजमान घरं भाड्याने मिळवून द्यायचा धंदा करतात. मी त्यांना काका म्हणतो, बाकी सगळं शहर पायरीवाले म्हणतं. गावाकडची शाळा संपवून मी इथे एका चष्म्याच्या दुकानात काचा घासायला लागलो आणि त्यांच्या पुढच्या खोलीत पथारी टाकली, तेव्हा काकांनी पहिला प्रश्न विचारला, "तुला शिंका सकाळी येतात की संध्याकाळी?"

मी म्हटलं, "सकाळी."

"मग हरकत नाही. या आळीत खपून जाईल."

इतर दलाल गिऱ्हाइकाला घर दाखवतात. खिडकी कुठे, मोरी कुठे, नळाला पाणी किती वाजता. काका यातलं काही दाखवत नसत. त्यांचं म्हणणं असं की भिंती सगळीकडे सारख्याच असतात, फरक असतो तो वस्तीच्या स्वभावात, आणि स्वभाव जुळला नाही तर माणूस दहा वर्षं राहूनही पाहुण्यासारखा राहतो. म्हणून ते गिऱ्हाइकाला त्या घराच्या बाहेरच्या पायरीवर तासभर नुसतं बसवत. हातात पेपर नाही, बोलायला कोणी नाही. स्वतः समोरच्या चहाच्या टपरीवर बसून त्याच्याकडे बघत राहत. तास संपला की निकाल. एकदा एक बँकेतले साहेब आगाऊ भाडं घेऊन आले होते. तास झाल्यावर काका म्हणाले, "तुम्ही तीनदा उठून पँट झटकलीत. ही वस्ती तुम्हाला माफ करणार नाही." आणि किल्ली परत खिशात टाकली.

शहरातल्या झाडून सगळ्या वस्त्यांबद्दल त्यांची मतं पक्की होती आणि ती ते कोणालाही फुकट ऐकवत. चढावरची माणसं भारदस्त वाटतात, कारण घरी पोचेपर्यंत त्यांना धाप लागलेली असते आणि बोलता येत नाही. पुलापलीकडची माणसं मनाने कायम निघालेली असतात. जेवायला बोलावलं तरी "पुलावर गर्दी होईल" म्हणून अर्धं वाक्य तोंडात ठेवून उठतात. छापखाना गल्लीत कोणी कोणाचं ऐकत नाही, कारण यंत्रं बंद झाली तरी ओरडून बोलायची सवय गेली नाही. हे सगळं ते त्या त्या वस्तीत उभं राहून, तिथल्याच घरमालकांसमोर सांगत.

पण सगळ्यात वाईट मत टाकीमागच्या वस्तीबद्दल. पाण्याच्या मोठ्या टाकीच्या मागे पंधरा-वीस जुनी घरं आहेत. गेली तीस वर्षं कोणीही टाकीमागचं नाव काढलं की काका हात जोडत. "टाकीमागे राहण्यासारखं नाही. डोकं धरतं. माणूस चिडका होतो." लोकांचा काकांवर विश्वास. टाकीमागे कोणी जात नसे.

तर अशा या माणसाला स्वतःसाठी घर शोधायची वेळ आली. आम्ही राहायचो ती इमारत मालकाने विकली, महिनाअखेर खाली करा म्हणून कागद आला. मावशीने कागद दोनदा वाचला, घडी घालून डब्याखाली ठेवला आणि म्हणाली, "तुमचाच तर धंदा आहे. आठ दिवसांत होईल."

आठ दिवसांत काय झालं ते सांगतो. चढावरच्या मालकाने काकांना वर बोलावलं, धाप लागेपर्यंत थांबला आणि म्हणाला, "आता भारदस्त दिसताय. उतरा." पुलापलीकडच्या बाईंनी बोलता बोलता मध्येच दार लावून घेतलं. छापखाना गल्लीतल्या माणसाने नकार दिला तो तीन गल्ल्यांना ऐकू गेला.

मावशी म्हणाली, "तीस वर्षं दुसऱ्यांना उठवत होतात ना. आता बसा."

"मी खरं तेच बोललो."

"मी कुठे म्हणते खोटं बोललात? घर कुठाय ते सांगा. पंचवीस तारीख आहे. एकतीसला मी ताईकडे जाणार, ट्रंक घेऊन. तुम्ही या नाहीतर पायरीवर बसा."

ताई म्हणजे माझी आई. तिच्याकडे दोन खोल्यांत आधीच सहा माणसं. मावशी गेली असती आणि काका तिथे दोन दिवस टिकले नसते, हे सगळ्यांना माहीत होतं. अठ्ठावीस वर्षांचा संसार एका ट्रंकेवर येऊन थांबला होता. काका गप्प बसले. मी त्यांना गप्प बसलेलं पहिल्यांदा पाहिलं, म्हणून मीच घाबरत घाबरत म्हटलं, "टाकीमागे एक जागा रिकामी आहे म्हणतात."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना टाकीतच ढकललं. पण दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. स्वतःचा नियम स्वतःला लावायचा म्हणून काका त्या घराच्या पायरीवर बसले. मी समोर उभा राहिलो. टपरी नव्हतीच.

दहा मिनिटं झाली. टाकीची सावली हळूहळू सरकत पायरीवर आली. आत कुठेतरी पाणी एका लयीत भरत होतं. वारा असा येत होता की काकांचे चार केस एका बाजूला पडले आणि तसेच राहिले. काकांनी डोळे मिटले. तास झाला, दीड झाला. मी जवळ जाऊन हलवलं.

"काका, निकाल?"

"तीस वर्षांपूर्वी मी इथे एकदाच बसलो होतो," काका डोळे न उघडता म्हणाले. "त्या दिवशी टाकीला आतून डांबर लावत होते."

"एकच दिवस?"

"एकच तास. नियम तसाच आहे ना." मग डोळे उघडले. "अरे, इतकी चांगली वस्ती मी आयुष्यात पाहिली नाही. आणि सगळ्या शहराला सांगितलं, डोकं धरतं."

घराचा मालक परदेशात. त्याने ठरवून टाकलेलं होतं की जुने भाडेकरू हो म्हणतील त्यालाच खोली द्यायची. भाडेकरू तिघं. तळमजल्यावर लग्नाच्या बँडमधून निवृत्त झालेले गृहस्थ, मधल्या मजल्यावर एक नर्सबाई, आणि मागच्या खोलीत घड्याळं दुरुस्त करणारा एक माणूस, ज्याच्या घरातली कोणतीही दोन घड्याळं सारखी वेळ दाखवत नाहीत. संध्याकाळी नर्सबाईंच्या खोलीत बैठक बसली. मावशीने चांगली साडी नेसली होती. काकांनी रात्र जागून स्तुती पाठ केली होती.

काका उभे राहिले. "मी आजवर या वस्तीबद्दल जे बोललो ते चुकलं. इथली सावली, इथला वारा, इथलं पाणी..."

"थांबा थांबा," घड्याळजी म्हणाला. "हे तुम्ही बाहेर कोणाला बोललात?"

"अजून नाही. पण उद्यापासून सगळ्यांना सांगणार आहे."

तिघांचे चेहरे उतरले. नर्सबाई म्हणाल्या, "बघा, मी म्हटलं नव्हतं? हे राहायला आले की संपलं."

काकांना काही कळेना. बँडवाल्यांनी त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि समजावून सांगितलं, आजारी माणसाला सांगतात तसं. "पायरीवाले, तीस वर्षांत आमचं भाडं वाढलं नाही. का? तुमच्यामुळे. इथे कोणी येतच नाही. मालकाला वाटतं, आहेत ते टिकले तरी नशीब. दरवर्षी आम्ही तुमचं नाव काढतो. यांनी तर तुमच्यासाठी स्वेटर विणायला घेतला होता."

"बाहीपर्यंत आला होता," नर्सबाई म्हणाल्या. "माप माहीत नव्हतं."

"तेव्हा खोली तुमची," बँडवाले म्हणाले, "आनंदाने. एकच अट. बाहेर जे सांगत होतात तेच सांगत राहायचं. डोकं धरतं, माणूस चिडका होतो."

मावशीने काकांकडे पाहिलं. अगदी साधी अट होती. दुसरा कोणी दलाल असता तर हसत हसत हो म्हणाला असता.

"मी खोटं बोलत नाही," काका म्हणाले.

"तीस वर्षं बोललातच की," घड्याळजी म्हणाला.

"तेव्हा मला माहीत नव्हतं. माहीत नसताना बोललं तर चूक. माहीत असताना बोललं तर..."

"अहो," मावशी हळूच म्हणाली, "एकतीस तारीख."

"मला माहीत आहे गं."

"मग नुसतं गप्प राहा ना. कोणी विचारलं तर बोलू नका."

"पायरीवाले गप्प राहिले म्हणजे जागा स्वतःसाठी ठेवलीय, असं पोरंसुद्धा ओळखतील," नर्सबाई म्हणाल्या, आणि ते खरं होतं.

काका खिडकीपाशी गेले. बराच वेळ टाकीकडे बघत राहिले. मला वाटलं, आता आईला पत्र टाकावं लागणार. मग ते वळले आणि त्यांनी बँडवाल्यांना विचारलं, "तुमच्याकडे वाजवायचं काही जुनं आहे का?"

"एक ट्रम्पेट आहे. मधली कळ अडकते."

"मला सूर कळत नाही," काका म्हणाले. "मी रोज तासभर वाजवीन. इथे. पायरीवर. मग वस्ती खरोखरच वाईट होईल आणि मला खोटं बोलावं लागणार नाही."

यावर हसायला हवं होतं, पण कोणी हसलं नाही. तिघंही विचार करू लागले. घड्याळजीने विचारलं, वेळ कोणती. नर्सबाई म्हणाल्या, सकाळी नको, रात्रपाळीहून येऊन झोपते. बँडवाले म्हणाले, "दुपारी चार ते पाच. जागा बघायला लोक तेव्हाच निघतात." काकांनी मान हलवली. मावशी म्हणाली, "आणि माझ्या कानांचं काय?" तिला कापूस देण्यात आला. तिने तो हातात धरून ठेवला आणि त्या क्षणी आम्हाला घर मिळालं.

एकतीस तारखेला ट्रंक आईकडे न जाता टाकीमागे आली. दुसऱ्या दिवशी चार वाजता काका पायरीवर बसले आणि त्यांनी पहिली फुंक मारली. टाकीवरची कबुतरं उडाली ती परत आली नाहीत. त्या आठवड्यात दोन गिऱ्हाइकं आली होती. काकांनी ट्रम्पेट मांडीवर ठेवून, ताठ मानेने सांगितलं, "टाकीमागे राहण्यासारखं नाही. एक माणूस रोज तासभर ट्रम्पेट वाजवतो. डोकं धरतं." एक शब्द खोटा नव्हता. इतकं समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं.

तीन महिने छान गेले. घोटाळा झाला तो काकांच्या प्रामाणिकपणामुळेच. ते मन लावून वाजवत. अडकणारी कळ बँडवाल्यांनी एका दुपारी सहज म्हणून तेल घालून मोकळी केली, आणि तोंड कसं धरायचं तेही सहज म्हणून दाखवलं. जन्मभराची सवय, चुकीचा सूर ऐकून गप्प बसणं त्यांना जमेना.

एक दिवस एक तरुण जोडपं आलं. नवरा पायरीखाली उभा राहून पूर्ण तासभर ऐकत होता. पाच वाजता काकांनी ट्रम्पेट खाली ठेवून नेहमीचं वाक्य सुरू केलं, तर तो म्हणाला, "असं काय म्हणता काका? किती छान वाजवता. आम्ही असंच काहीतरी शोधत होतो."

काका घरात आले तेव्हा त्यांचा चेहरा एकाच वेळी फुललेला आणि पडलेला होता. असा चेहरा चष्मा बदलला तरी नीट दिसत नाही. मागोमाग नर्सबाई आणि घड्याळजी आलेच. "आता काय?" घड्याळजी म्हणाला. "शहरभर होईल. दिवाळं निघेल आमचं."

"मी मुद्दाम वाईट वाजवणार नाही," काका म्हणाले. "तेही खोटंच."

सगळे बँडवाल्यांकडे रागाने बघू लागले. बँडवाले जमिनीकडे बघू लागले.

मावशी ओट्यापाशी होती. तिने हात पुसले, कानातला कापूस काढून डबीत टाकला आणि काकांच्या मांडीवरची ट्रम्पेट उचलली.

"उद्यापासून मी वाजवते," ती म्हणाली. "आणि मला कोणी शिकवायला आलं तर बघा."

दुसऱ्या दिवशी चार वाजता ती पायरीवर बसली. ते जोडपं नक्की करायला पुन्हा आलं होतं. सात मिनिटांनी नवऱ्याने बायकोचा हात धरला आणि ते चालू लागले. काका त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेले आणि अत्यंत खरेपणाने म्हणाले, "सांगतो काय, आमच्या घरातलीच आहे. काही इलाज नाही."