आठवीत घेतलेली हिंदी

तालुक्याच्या कचेरीत क्लार्कची खुर्ची. एवढंच हवं होतं मला. कलेक्टर व्हायचं खूळ नव्हतं डोक्यात. कर्नाटकात, निपाणीच्या मराठी शाळेत माझी सातवी संपली तेव्हा आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दोनशे पानी वही आणली आणि आम्ही दोघांनी बसून सगळं आखलं. दहावी, बी.ए., उन्हाळ्याच्या सुट्टीत टायपिंग, मग कॉम्प्युटर, शेवटचं वर्ष बेळगावात राहून परीक्षेचा क्लास. कुठं राहायचं, पुस्तकं कुणाकडून आणायची, हेसुद्धा. आई हसायची, "बापलेकीचं काय चाललंय बघा!"

आठवीत तिसरी भाषा निवडायची होती, कन्नड नाहीतर हिंदी. आप्पांनी हिंदी लिहिली. गल्लीत बऱ्याच जणांनी तेच केलं. आज ना उद्या आपलं गाव महाराष्ट्रात जाणार, कन्नड शिकून काय करायचंय, असं तेव्हा चहाच्या गाड्यावरसुद्धा बोलत. मला तर अभिमानच वाटला. येडीच होते मी!

धाकट्या भावाला दोन वर्षांनी कन्नड दिलं. त्याला हिंदी जमत नाही, असं आप्पा म्हणाले. मी मान्य केलं.

वहीतलं एकूण एक पार पाडलं. दोन चांगली स्थळं 'आधी नोकरी लागू दे' म्हणून मीच परत पाठवली. परीक्षेत बाकीचे पेपर सोपे गेले, पण कन्नडचा पेपर सक्तीचा. बाजारात मी कन्नडात कुणाशीही कडाकडा भांडते, पण लिहायला बसले की एक ओळ धड पुरी होत नाही. तीनदा नापास झाले. मग वयाची अट उलटली. आता स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात दुसऱ्यांचे नोकरीचे फॉर्म भरते.

गेल्या महिन्यात भाऊ खानापूरला क्लार्क म्हणून रुजू झाला. आप्पा घरभर पेढे वाटत होते. माझ्या हातावर पेढा ठेवला आणि माझा तोल गेला.

"त्याला कन्नड दिलंसा, मग मला का न्हाय?"

"त्येला हितंच ऱ्हायाचं हाय. आपल्या पोरी तिकडं कोल्हापूर-कागलाकडं देत्यात. तुला कन्नड कशाला लागणार हुतं गं?"

"मग नोकरीचं ते सगळं कशाला मांडत बसलासा माझ्याबरोबर? इतकी वर्षं?"

आप्पा जरा गोंधळले. मग अगदी मायेनं म्हणाले, "तू लई हौसेनं लिवत हुतीस. म्हटलं, लिवू दे."