खुर्चीच्या रुंदीचा बर्फ

त्या आठवड्यात ताम्मेचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू होई. रस्त्यावर विटा बसवणारा माणूस तो. उभी हयात गुडघ्यांवर गेली होती आणि गुडघेही कामातून गेले होते. हिवाळ्यात त्याच्याकडे आणखी एक काम असे, बिनपगारी. गावाबाहेरच्या कुरणावर पाणी मारून स्केटिंगसाठी बर्फाचं मैदान करायचं. गाव त्याला बर्फमास्तर म्हणे. त्यानं झेंडा चढवल्याशिवाय उत्तरेकडच्या फ्रीसलंड प्रांतातल्या त्या गावात कुणी बर्फावर पाय ठेवत नसे.

यंदा थंडी येतच नव्हती, आणि नीन्केकडे वेळ नव्हता. नीन्के नऊ वर्षांची, शेजारच्या आल्येची मुलगी. तिला रक्ताचा कॅन्सर होता. आजारी मुलांच्या इच्छा पुरवणाऱ्या संस्थेची बाई घरी येऊन मोठ्या पाळण्यांच्या बागेचे, डॉल्फिनचे फोटो दाखवून गेली होती. नीन्केनं ते बाजूला सारले. "मला आपल्या कुरणावर स्केटिंग करायचंय. छपराखालच्या बर्फावर नाही."

बाईनं ताम्मेला फोन केला. "थंडी काही आमच्या हातात नाही हो."

"माझ्याही नाही," ताम्मे म्हणाला आणि त्या दिवसापासून झोप घालवून बसला.

सोमवारी नीन्केला दवाखान्यात जायचं होतं, या वेळी कित्येक आठवडे बंद खोलीत. त्याआधी बाहेर जायला डॉक्टरांनी परवानगी दिली होती. बुधवारी थंडी पडली. शनिवारी दुपारनंतर पाऊस सांगितला होता.

पाणी पातळ मारायचं, गोठू द्यायचं, मग पुन्हा मारायचं. याला दुसरी वाट नाही. ताम्मेला हे माहीत होतं. नव्या पोरांना तो हेच ओरडून सांगे. गुरुवारी पहाटे मात्र त्याचं लक्ष पाण्यावर कमी आणि आभाळावर जास्त होतं. एक थर, दुसरा थर, आणि मग त्यानं पंप तसाच चालू ठेवला. कामावर जायची वेळ झाली तेव्हा कुठे बंद केला.

संध्याकाळी मैदान काचेसारखं चमकत होतं. गावच्या स्केटिंग क्लबचा अध्यक्ष फोप्पे हात चोळत उभा होता. ताम्मेनं झाडूचा दांडा बर्फावर आपटला. रिकामा डबा वाजावा तसा आवाज आला. वरचं पाणी गोठलं होतं, खालचं मातीनं पिऊन टाकलं होतं.

"पोकळ?" फोप्पेनं विचारलं.

"पोकळ. घाई केली मी."

"तू? पोरांना घाईवरून शिव्या देतोस तू दरवर्षी."

"आज तू दे."

फोप्पेनं दिल्या नाहीत. "आता एका दिवसात मैदान होत नसतं, ताम्मे."

"मैदान कोण करतंय? एक पट्टी करतो. खुर्चीच्या रुंदीची. टोकाला वळण्यापुरती मोठी."

तिथली पोरं स्वयंपाकघरातली खुर्ची पुढे ढकलतच स्केटिंग शिकतात. नीन्केच्या पायांत ताकद उरली नव्हती. तिलाही खुर्ची लागणारच होती.

शुक्रवारी त्यानं बिनपगारी रजा घेतली. पट्टीपुरता पोकळ बर्फ फावड्यानं फोडला, तुकडे हातांनी वेचले, पंपाला हात न लावता झारीनं पाणी शिंपडलं. मधल्या वेळात बसवेना. कुंपणाच्या कडेनं तो फेऱ्या मारत राहिला. नीन्केच्या आईचा, आल्येचा, फोन आला.

"ताम्मे, ही सकाळपासून बूट घालून बसलीय. काय सांगू?"

"काही सांगू नका."

"दर पाच मिनिटांनी विचारतेय."

"सांगा, मास्तर ओरडतोय."

"ते सांगितलं. म्हणाली, ओरडू दे, नेहमीचंच आहे."

शनिवारी सकाळी त्यानं पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दांडा आपटत नेला. दगडावर मारल्यासारखा आवाज आला, सगळीकडे. तरी तो पुन्हा उलटा आपटत आला. झेंडा चढवला नाही. गाव आलं, कुंपणाशी उभं राहिलं. एकही पाय आत पडला नाही.

औषधांनी नीन्केचे पाय सुजले होते. तिचे स्केट्स चढेनात, म्हणून मामेबहिणीचे कसेबसे चढवले होते. तिनं खुर्चीची पाठ धरली. ताम्मे बाजूनं चालत होता.

"ताम्मेकाका, धरू नका."

"धरलेलं नाही."

"मग हात एवढे जवळ कशाला?"

त्यानं हात खिशात घातले. तेही जमेना, पुन्हा बाहेर काढले. ती टोकापर्यंत गेली, वळली, परत आली आणि खुर्चीवर बसली. कुंपणाशी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आल्येनं तसं बजावलं होतं.

"बूट चावतात," नीन्के म्हणाली.

"मग पुरे."

"नाही. अजून एकदा."

एकदाचं तीनदा झालं. शेवटी दम लागून ती म्हणाली, "पुढच्या वर्षी खुर्ची नको. आणि अख्खं मैदान करा. पट्टी काय करता?"

"बरं, मालकीणबाई."

दुपारी वारा फिरला. संध्याकाळी पट्टीवर पाणी साचलं होतं. सोमवारी नीन्के दवाखान्यात गेली.

पगार झाला, त्यात शुक्रवार नव्हता. ताम्मे शहरात स्केट्सच्या दुकानात गेला आणि मुलींच्या मांडणीसमोर येरझाऱ्या घालू लागला. दुकानदार म्हणाला, "आत्ता? हिवाळा तर संपत आला. नंबर काय मुलीचा?"

"सध्या पाय सुजलेत. उतरेल सूज."

"मग आत्ताच्या मापावर जाऊ नका. नेहमीच्या मापाचे घ्या. नाहीतर त्याहून एक नंबर मोठे. पोरांचे पाय वाढतात, लोक तसेच घेतात."

ताम्मे बराच वेळ दोन्ही जोड हातांत घेऊन उभा राहिला. दुकानदार दुसरं गिऱ्हाईक करून आला, तरी उभाच. मग त्यानं एक जोड मांडणीवर परत ठेवला आणि त्या आठवड्याची मजुरी काउंटरवर मोजली. एक नंबर मोठे घेतले.