बुद्धप्रियाची सलग रेघ

माझी मुलगी बुद्धप्रिया दिवसभर चादरींच्या दुकानात उभी असते आणि संध्याकाळी गच्चीवर चिनी नाच शिकते. तिच्या लिन मॅडम चीनमधून फोनवर शिकवतात. सुरुवातीला त्यांनी तिला नाचूच दिलं नाही. मोठा कुंचला पाण्यात बुडवून शहाबादी फरशीवर चिनी अक्षरं काढायला लावली. रेघ उजवीकडे न्यायची तर कुंचला आधी किंचित डावीकडे दाबायचा. नाचातही तसंच, उजवीकडे वळण्याआधी अंग डावीकडे झुकतं. कुंचला उचलला तरी श्वास तुटू द्यायचा नाही.

बुद्धप्रियाची चूक एकच. रेघ वाकडी आली की ती त्याच रेघेवरून परत कुंचला फिरवायची. लहानपणी पाटीवर अक्षरं गिरवायला मीच शिकवलं होतं. नाचातही पाय चुकला की पटकन मागे येऊन तो सुधारायची. मॅडम म्हणायच्या, "झाली ती रेघ झाली. पुढची काढ."

आज चीनमधल्या विद्यापीठाला प्रवेशासाठी नाचाचा व्हिडिओ पाठवायची शेवटची तारीख होती. व्हिडिओ सलग हवा, कापलेला चालत नाही. शिष्यवृत्ती मिळाली तरच तिचं जाणं शक्य आहे. त्यात डाव्या गुडघ्याचं लिगामेंट दुखावलेलं. डॉक्टरांनी बजावलंय, जपून.

तिच्या बाबांनी, रत्नदीपनं, फोन धरला. या नाचाच्या पोशाखाच्या, हाताच्याही पुढे लोंबणाऱ्या लांब पांढऱ्या बाह्या हवेत रेघा ओढत होत्या. मी मात्र गुडघाच बघत होते.

एका गिरकीत तो मुडपला. ती खाली बसली आणि मी किंचाळले, "प्रिया, थांब!"

तिनं बसल्या जागेवरून एक बाही दूर फेकली, त्या बाहीनंच ओढून घेतल्यासारखी उठली आणि नाच पुरा केला.

"अगं, तुझी किंकाळी आलीय की यात!" रत्नदीप म्हणाला.

"परत करायचा का?" मी विचारलं, आणि तिचा सुजलेला गुडघा बघून लगेच जीभ चावली.

"नाही आई, हे गिरवायचं नाही," ती म्हणाली. "कळू दे त्यांना, माझी आई लई जोरात ओरडते." आणि तिनं व्हिडिओ पाठवून दिला.

आता ती बर्फ लावून झोपलीय. निकालाला महिना आहे. माझ्या ओरडण्यानं तिची संधी गेली असेल तर? आणि गेली नसेल तर, तिकडे गुडघा पुन्हा मुडपला की तिच्याजवळ कोण असेल? मघाशी झोपेत तिनं पाय आखडून घेतला. मी हे लिहायची थांबले. अजून तिनं तो सरळ केलेला नाही.