वैशूचा बॅले आणि अण्णांची पसंती

नांदेडला आमचा बॅलेचा क्लास आहे म्हटलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, "चालतो का?" क्लासचं देव जाणे, पण तिथं घामापेक्षा किस्से जास्त गळतात! मी म्युझिक लावायला बसतो, त्यामुळे सगळे फुकटात बघायला मिळतात.

*

आमची स्टार वैशू, लोह्याची. तिचे वडील अण्णा, पक्के शेतकरी. पहिल्याच दिवशी क्लास तपासायला आले. पोरी एक पाय कठड्यावर टाकून उभ्या होत्या. अण्णा बराच वेळ बघत राहिले आणि सरांना म्हणाले, "एकाच पायावर शिकवून राहिलात. मंग फी बी एकाच पायाची घ्या की!"

*

वैशू घरीही अंगणात चवड्यांवर चालायची. शेजारच्या काकूंना ते बघवेना. त्या सुई आणि रुईचा चीक घेऊनच आल्या. "बस खाली. टाचंत काटा मोडलाय अन् सांगून न्हाई राहिली!"

"काकू, हा बॅले हाय."

"हाव, पण काढावा तर लागंल ना!"

*

पूर्वी बॅले म्हणजे बड्या शहरांचं काम. आता देशपातळीवरची एक बॅले कंपनी वाढली आणि तिची माणसं पोरं शोधत जिल्ह्याजिल्ह्यांत फिरू लागली. लातूरच्या आमच्या कार्यक्रमाला दिल्लीहून त्यांच्या मॅडम आल्या. वैशू पसंत पडली तर थेट कंपनीत! पण अण्णांनी बजावलं होतं, "मॅडमला पटून उपेग न्हाई. मला पटलं तरच पाठवीन." पोरीनं धास्तीनं जेवण सोडलं होतं.

त्यात प्रमुख पाहुण्यांना एका लग्नाला जायची घाई. मग काय, नाच चालू असतानाच सत्कार! वैशू एका पायावर, गळ्यात हार, खांद्यावर शाल, हातात नारळ. पठ्ठी हलली नाही! फोटोवाला म्हणाला, "ताई, पाय जरा खाली घ्या, फोटोत बसंना!"

मॅडम सरांना म्हणाल्या, "क्या बॅलन्स है! ले लिया इसको!"

*

उरले अण्णा. शेवटच्या नाचात मॅडमबरोबर आलेल्या कंपनीतल्या एका दणकट नर्तकानं वैशूला डोक्याच्या वर उचललं. सगळे स्टेज सोडून अण्णांकडे बघायला लागले. मला तर रडूच येणार होतं. झालं, गेली दिल्ली!

अण्णा उठले, चपला काढून स्टेजवर चढले आणि त्या नर्तकासमोर उभे राहिले. "कल ये गिरी तो? पैले मेरेकू उठा!"

त्यानं मॅडमकडे बघितलं. मॅडमनी मान हलवली. त्यानं वैशूला खाली ठेवलं आणि अण्णांना धोतर-टोपीसकट वर घेतलं!

अण्णांनी एका हातानं टोपी धरली आणि वरून सगळं सभागृह न्याहाळलं. वैशूनं खालून घाबरतच विचारलं, "अण्णा, जाऊ का?"

"जा की!" अण्णा म्हणाले. "अन् ह्याला सांग, इतक्यात उतरवू नको म्हणावं!"